बालसैनिकाची सुटका शांतता कराराला टांगून ठेवू नका

डिसेंबर 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पथकांनी नेपाळमधल्या माओवादी बंडखोरांच्या छावण्यांतल्या लढवय्यांची पडताळणी संपवली. सुरुवातीला 32,250 जणांची नोंद झाली होती. प्रत्यक्ष मुलाखतीला त्यांतले 8,640 जण आलेच नाहीत. आलेल्यांपैकी 19,602 जण लढवय्ये म्हणून पात्र ठरले, 4,008 जण वगळले गेले. वगळलेल्यांतले 2,973 जण शस्त्रसंधीच्या दिवशी, म्हणजे 25 मे 2006 रोजी, अठरा वर्षांच्या आतले होते. उरलेले 1,035 त्या तारखेनंतर भरती झालेले. थोडक्यात, 2007 सरता सरता जवळपास तीन हजार बालसैनिकांची यादी पडताळणी होऊन तयार होती. त्यांतली पहिली तुकडी छावणीबाहेर पडली ती 7 जानेवारी 2010 रोजी, सिंधुली जिल्ह्यातल्या दुधौलीहून.

मधली दोन वर्षे मुलांची ओळख पटवण्यात गेली नाहीत, ती आधीच पटलेली होती. लढवय्यांपैकी किती जणांना नेपाळी सैन्यात घ्यायचे, कोणत्या हुद्द्यावर घ्यायचे, यावर काठमांडूत घासाघीस चालू होती आणि छावणीतले प्रत्येक डोके हे त्या घासाघिशीतले वजन होते. शक्तिखोर छावणीतली एक चित्रफीत मे 2009 मध्ये बाहेर आली. आपले सैन्य मुळात सात-आठ हजारांचे होते आणि आपण पस्तीस हजारांचा आकडा दिला, असे तीत खुद्द माओवादी नेते प्रचंड आपल्या लोकांना सांगताना दिसतात. संख्या फुगवायची असली की सर्वांत स्वस्त भरती मुलांची असते, आणि बोलणी लांबली की सर्वांत उशिरा सुटतात तीही मुलेच.

बालसैनिकांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कायदा गेल्या पन्नास वर्षांत बराच पुढे आला आहे. पण त्याने आपली ताकद दोन टोकांना लावली: भरतीवर बंदी आणि भरती करणाऱ्याला शिक्षा. मधला टप्पा, म्हणजे आज छावणीत असलेले मूल उद्या बाहेर कसे येईल, हा त्याने सदिच्छेवर सोडला. सुटका हा त्या मुलाचा तत्काळ आणि बिनशर्त हक्क आहे. तो वाटाघाटींच्या टेबलावर येताच कामा नये, आणि त्याला मुदत असली पाहिजे. नेपाळचा अनुभव हेच सांगतो. तिथली प्रक्रिया जगातल्या बऱ्यापैकी यशस्वी प्रक्रियांमध्ये मोजली जाते, म्हणून तर तिच्याकडे नीट पाहायला हवे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1977 च्या जिनिव्हा अतिरिक्त करारांनी पंधरा वर्षांची रेघ आखली. देशांतर्गत संघर्षांसाठीच्या दुसऱ्या करारातले शब्द स्वच्छ आहेत: पंधराच्या आतल्या मुलांची भरतीही करायची नाही आणि त्यांना लढाईत भागही घेऊ द्यायचा नाही. देशादेशांतल्या युद्धांसाठीच्या पहिल्या करारात मात्र ‘शक्य ते सर्व उपाय’ ही पळवाट आली. 1989 च्या बालहक्क संहितेने अठराच्या आतल्या प्रत्येकाला बालक म्हटले, पण युद्धाच्या कलमात पुन्हा पंधराच ठेवले. ही विसंगती दूर करायला 25 मे 2000 रोजी ऐच्छिक संलेख, म्हणजे संहितेला जोडलेला पूरक करार, स्वीकारला गेला आणि फेब्रुवारी 2002 पासून तो लागू झाला. त्यानुसार बिगरसरकारी सशस्त्र गटांनी अठराच्या आतल्या कोणालाही, कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. सरकारी सैन्यांनी अठराच्या आतल्यांची सक्तीने भरती करू नये आणि त्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये. स्वेच्छाभरतीचे किमान वय मात्र प्रत्येक देशाने स्वतः जाहीर करायचे. ब्रिटन त्यामुळेच आजही आईवडिलांच्या संमतीने सोळाव्या वर्षी मुले घेतो. भारताने 2005 मध्ये हा संलेख मान्य करताना अठरा पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही मोहिमेच्या क्षेत्रात पाठवले जात नाही, असे लिहून दिले. अग्निपथमध्ये साडेसतराव्या वर्षी होणारी भरती या चौकटीत बसते.

फौजदारी कायदा मात्र पंधरावरच थांबला. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया असलेल्या रोम करारानुसार पंधराच्या आतल्या मुलाला सैन्यात घेणे किंवा लढाईत सक्रिय वापरणे हा युद्धगुन्हा आहे. सोळा-सतराच्या मुलाला घेतले तर संलेखाचा भंग होतो, पण हेगला कोणी जाब देत नाही. ही तीन वर्षांची फट बुजवायलाच हवी. सैन्ये आणि गट ज्यांना सर्वाधिक घेतात ती नेमकी याच वयातली मुले, कारण त्यांना ओझे वाहता येते, बंदूक पेलते आणि हुकूम मोडायचे धाडस अजून आलेले नसते. रोम करारात दुरुस्ती करण्याचा रस्ता लांबचा आहे आणि अशी दुरुस्ती ती मान्य करणाऱ्या देशांनाच लागू होते, हे खरे. तरीही पंधराची रेघ मुळात 1977 च्या तडजोडीतून आली, मुलांच्या वाढीच्या कुठल्या अभ्यासातून नव्हे. तिचा मान राखण्याचे कारण नाही.

‘ही मुले आपणहून आली’ हा बचाव प्रत्येक कमांडर करतो. तो न्यायालयात टिकलेला नाही. काँगोच्या इतुरी भागातला सशस्त्र नेता थॉमस लुबांगा याला मार्च 2012 मध्ये हेगच्या न्यायालयाने दोषी ठरवले. मूल स्वतःहून आले का पकडून आणले, याने गुन्हा पुसला जात नाही, असे त्या निकालात स्पष्ट झाले. त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. नेपाळमध्येही अनेक मुले पक्षाच्या सांस्कृतिक पथकांची गाणी-नाच पाहून, गावात पोलिसांनी केलेल्या मारहाणीचा राग मनात धरून किंवा घरच्या लग्नाच्या घाईतून सुटण्यासाठी गेली. ती कारणे खरी आहेत. त्यांनी जबाबदारी मात्र मुलाकडे सरकत नाही.

लुबांगा खटल्याने आणखी एक गोष्ट उघडी पाडली आणि ती कायदेपंडितांपेक्षा क्षेत्रात काम करणाऱ्यांना जास्त कळते: सगळे काही वयाच्या पुराव्यावर अडते. तपासकांनी साक्षीदारांपर्यंत पोहोचायला स्थानिक मध्यस्थ वापरले. त्यांच्यातल्या काहींनी साक्षी पढवल्याची शक्यता न्यायालयाला दिसली आणि बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांवर त्याने विसंबायचे टाळले. दोषसिद्धीला मोठा आधार झाल्या त्या चित्रफिती. त्यांत अंगरक्षकांमध्ये उभी असलेली काही मुले उघड्या डोळ्यांनी पंधराच्या आतली दिसत होती. म्हणजे जे मूल चौदाचे आहे पण सतराचे दिसते, त्याच्यासाठी हा पुरावा कुचकामी.

मग वय ठरवायचे कसे? मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ तपासणे हा सर्वांत परिचित मार्ग. जगभर वापरला जाणारा ग्रॉयलिक-पाइल नकाशासंग्रह 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या एक्स-रेवरून बनवला गेला. अर्धपोटी वाढलेल्या डोंगरातल्या मुलाची हाडे मागे पडतात. वर दोन वर्षांपर्यंतची चूक सर्रास धरली जाते. पंधरा आणि अठरा यांच्यात अंतरच तीन वर्षांचे असताना दोन वर्षांची चूक सोसणारी चाचणी निर्णायक कशी मानायची? अक्कलदाढीचा तपासही असाच ढोबळ. त्यामुळे जाणकार यंत्रणा आधी कागद पाहतात: जन्मनोंद, शाळेचे रजिस्टर, लसीकरणाचे कार्ड. कागद नसला तर मुलाखत. तीत थेट वय विचारत नाहीत. भावंडांत तू कितवा, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, अमुक पूर आला तेव्हा तू केवढा होतास, गावातला कोण तुझ्या बरोबरीचा, असे प्रश्न विचारून उत्तरे एकमेकांशी ताडून पाहतात. मुलाखत कमांडरच्या नजरेआड व्हायला हवी. तो दाराशी उभा असला तरी उत्तर बदलते. आणि हे सगळे करूनही शंका उरली, तर ती मुलाच्या बाजूने सोडवायची, म्हणजे त्याला अठराच्या आतला धरायचे.

नेपाळमध्ये नेमके इथे एक भोक राहिले. मुलाखतीला न आलेल्या 8,640 जणांची कसलीच पडताळणी झाली नाही. पडताळणी पथक यायच्या आधी कमांडरला लहान दिसणाऱ्यांना गुपचूप घरी धाडता येते, म्हणजे यादी स्वच्छ राहते आणि बालभरतीचा ठपका टळतो. असे मूल कुठल्याच यादीत नसते, त्यामुळे त्याला शाळेची मदत नाही, औषध नाही, भरपाई नाही. म्हणून नोंदणी आणि पडताळणी यांच्यात महिन्यांचे अंतर ठेवणे हीच चूक आहे. नोंदणीच्या वेळीच लहान दिसणाऱ्यांना वेगळे काढून त्याच आठवड्यात नागरी बालसंरक्षण यंत्रणेकडे सोपवले, तर पळवाट उरत नाही. चाड, माली, नायजेरिया या देशांनी असे हस्तांतर करार संयुक्त राष्ट्रांशी केले आहेत. लष्कराच्या हाती लागलेले मूल नागरी यंत्रणेकडे सोपवायचे, चौकशीच्या नावाखाली ठेवून घ्यायचे नाही, हा त्यांचा गाभा.

दोन वर्षांच्या उशिराचा हिशेब साधा आहे. शस्त्रसंधीच्या दिवशी साडेचौदा वर्षांचे असलेले मूल जानेवारी 2010 पर्यंत अठराचे झाले. त्याहून मोठे सगळे तर कधीच झाले होते. पुनर्वसनाचे आराखडे मुलांसाठी आखलेले आणि बाहेर पडणारे बहुतेक तरुण, अशी गत झाली. त्यांच्यापुढे चार पर्याय ठेवले गेले: शाळेत परतणे, व्यवसायप्रशिक्षण, छोटा धंदा, आरोग्यसेवेतले प्रशिक्षण. रोख रक्कम जाणीवपूर्वक टाळली गेली. बालसैनिकांबद्दलच्या 2007 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे पॅरिस तत्त्वांमध्ये, त्याची कारणे आहेत आणि ती योग्य आहेत: मुलाच्या हातातली रोकड कमांडर किंवा घरातली मोठी माणसे काढून घेतात, आणि बंदूक धरल्याबद्दल पैसे मिळतात असा संदेश गावात जातो. चौदा वर्षांच्या मुलासाठी हा नियम उत्तमच. वीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, कडेवर मूल असलेल्या तरुणीला मात्र तो अपमान वाटला, आणि तिचे चुकले असे म्हणवत नाही. 2012 मध्ये पात्र लढवय्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्यांना हुद्द्यानुसार पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. सुमारे 1,400 जण नेपाळी सैन्यात गेले. वगळलेल्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्याच छावणीत, तेच अन्न खाऊन, त्याच कवायती करून बाहेर पडलेल्या दोघांपैकी लहान वयात भरती झालेला रिकाम्या हाताने गेला. ज्याच्यावर अन्याय मोठा, त्याची भरपाई कमी.

शिवाय सरकारी कागदावर त्यांची ओळख ‘अयोग्य’ अशी पडली. गावात याचा अर्थ लावला गेला की हा पळपुटा असणार, नाहीतर काहीतरी भानगड केलेली असणार. प्रक्रियेच्या दृष्टीने तो निव्वळ एक रकाना होता. पण रकान्याचे नाव ठरवताना त्याखाली ज्याचे नाव येणार आहे त्याला विचारायला कोणाला सुचले नाही. वगळलेल्या 4,008 पैकी निरोपाच्या कार्यक्रमांना 2,394 जण हजर राहिले, बाकीचे त्याआधीच निघून गेले होते.

मुलींचे प्रश्न आणखी वेगळे. वगळलेल्या अल्पवयीनांत सुमारे एक तृतीयांश मुली होत्या. अनेकींनी छावणीत जातीबाहेर लग्न केले होते. पक्षात ते क्रांतिकारक ठरले, सासरच्या गावात ते पाप ठरले. प्रशिक्षणाची वेळ सकाळी दहा ते पाच, केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि मूल सांभाळायला कोणी नाही, अशा वेळी शिवणकामाचा वर्ग कितीही चांगला असला तरी ती येणार कशी? पुढे पाळणाघर, बाळंतपणाची मदत, पोषणाचा खर्च या गोष्टी कार्यक्रमात आल्या आणि मग मुलींचा सहभाग सुधारला. नवा आराखडा करणाऱ्यांनी पाळणाघराचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. तो ‘अतिरिक्त सुविधा’ या शीर्षकाखाली ढकलला की पहिल्या काटछाटीत जातो. हाच मुद्दा लढाई न केलेल्या मुलींचा. पॅरिस तत्त्वांनी स्वयंपाक करणारी, निरोप नेणारी, ओझी वाहणारी, लैंगिक अत्याचारासाठी ठेवलेली अशा सर्वांना बालसैनिकांच्या व्याख्येत घेतले आहे. पूर्वी पुनर्वसनाच्या दारात बंदूक जमा करायला लावत. त्या एका अटीने आफ्रिकेतल्या कितीतरी मुली बाहेर राहिल्या, कारण त्यांच्या हातात बंदूक कधी नव्हतीच.

2012 मध्ये सुरक्षा परिषदेपुढे जाणाऱ्या वार्षिक अहवालात मुले भरती करणाऱ्या सैन्यांची आणि गटांची काळी यादी असते, तिच्यातून नेपाळच्या माओवादी पक्षाचे नाव निघाले. संयुक्त राष्ट्रांशी ठरलेल्या कृती आराखड्यातली अट पूर्ण झाली होती: मुले सोडली. ही यादी प्रभावी आहे, तिच्या धाकाने अनेक सैन्यांनी आणि गटांनी मुले सोडली आहेत. पण तिची कसोटी सुटकेपाशी संपते. सोडलेल्या मुलांपैकी किती शाळेत टिकली, किती परत कुठल्या गटात गेली, किती सीमेपलीकडे मजुरीला गेली, याचा हिशेब नाव काढण्याआधी मागितला जात नाही. तो मागितला पाहिजे. निदान तीन वर्षे पाठपुराव्याचे अहवाल आल्याशिवाय नाव काढू नये, आणि पडताळणी संपल्यापासून साठ दिवसांत मुले नागरी ताब्यात दिली नाहीत तर तो स्वतंत्र भंग धरावा. शांतता करार होवो न होवो. सुटकेसाठी युद्ध संपण्याची वाट पाहू नका, हे पॅरिस तत्त्वांत लिहिलेलेच आहे. ती तत्त्वे बंधनकारक नाहीत आणि संलेखातल्या सुटकेच्या कलमात पुन्हा ‘शक्य ते सर्व उपाय’ आहेत, हे दुखणे आहे.

यावर क्षेत्रातल्या वाटाघाटी करणाऱ्यांचा आक्षेप येतो की अशी कडक मुदत घातली तर गट पडताळणीलाच दार उघडणार नाहीत. हा आक्षेप हलका नाही. पण नेपाळमध्ये दार उघडूनही मुले दोन वर्षे आतच होती. दार उघडण्याची किंमत मुलांच्या वर्षांत मोजायची असेल, तर ती किंमत आधीच ठरवून, मर्यादा घालून मोजावी.

जी मुले कधीच सोडवली गेली नाहीत, त्यांचे काय होते ते युगांडाच्या डॉमिनिक ओंगवेनच्या खटल्यात दिसले. नऊ-दहा वर्षांचा असताना लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने त्याला शाळेच्या वाटेवरून पळवले. तो त्याच सैन्याचा कमांडर झाला आणि इतर मुलांना पळवू लागला. 2021 मध्ये त्याला 61 गुन्ह्यांत दोषी ठरवून पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याचे हरवलेले बालपण न्यायालयाने शिक्षा ठरवताना विचारात घेतले, निर्दोषत्वासाठी नाही. मला हा निकाल बरोबर वाटतो. त्याचे बळी पडलेली मुलेही तितकीच मुले होती.

महाराष्ट्राशी या विषयाचा थेट संबंध गडचिरोलीत आहे. नक्षल चळवळीत बालसंघम आणि बालदस्ते या मुलांच्या संघटना-पथकांतून मुले ओढली जात होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालांत भारताचा उल्लेख अनेक वर्षे येत राहिला. 2023 च्या अहवालातून तो वगळला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. शरणागती वाढत असताना आपला कायदा किती तयार आहे?

बराचसा तयार आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार सशस्त्र संघर्षाची झळ बसलेले मूल हे ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते आणि त्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. कलम 94 मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रम आहे: आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच ऑसिफिकेशन म्हणजे हाडांवरून वय ठरवणारी चाचणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. घटनेच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. हे शरण आलेल्या किती जणांना सांगितले जाते, हा प्रश्न विचारायला हवा. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात घरीच जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळेलच असे नाही, म्हणून आश्रमशाळेचे जुने हजेरीपट आणि अंगणवाडीच्या नोंदवह्या जपणे हे तिथे पुरावा जपण्याइतके मोलाचे काम आहे.

कच्चे दुवे दोन. कलम 83 प्रमाणे केंद्र सरकारने घोषित केलेल्या बिगरसरकारी अतिरेकी गटाने मूल भरती केले किंवा वापरले तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. पण 2021 च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले आणि हे कलम त्यात सापडले. सोबत दुसरा दखलपात्र गुन्हा जोडलेला नसेल तर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही. मुलाच्या हाती बंदूक देणे हा अदखलपात्र गुन्हा असणे असह्य आहे. ही दुरुस्ती मागे घ्यावी. दुसरा दुवा कलम 15 चा. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारखा अतिगंभीर गुन्हा असेल तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. बाराव्या वर्षी दलमने, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीने, नेलेल्या आणि सतराव्या वर्षी चकमकीत सापडलेल्या मुलीला हे लागू करताना तिची भरती कशी झाली याचा विचार बाल न्याय मंडळाने करावा, असे कायद्यात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. नियमांत एक उपनियम वाढवून ते करता येईल.

आणि शरणागतीच्या वेळी होणाऱ्या नोंदीत हुद्दा, हत्यार आणि बक्षिसाची रक्कम यांच्या आधी एक रकाना हवा: भरतीच्या वेळचे वय, आणि भरती कोणी केली. शरण येणारी आज वीस वर्षांची असेल, तरी तिने तेरा लिहिले तर ती कलम 83 च्या गुन्ह्यातली पीडित आहे. तिचा जबाब तसाच, पीडितेचा म्हणून, नोंदवला गेला पाहिजे.